होडीचं तेल

थळ गावात मी बाळांना आणि बाळंतिणींना न्हाऊ-माखू घालायचं काम करत होते. पुष्कळ वर्षं केलं. आज मिसरूड फुटलेली जी पोरं गावातून मोटारसायकली उडवत जातात, त्यांतल्या निम्म्यांना मी पायावर उलटं घालून त्यांच्या पाठी चोळल्या आहेत. आणि चारचौघांत त्यांना ते सांगायची मला भारी हौस. पोरं लाजून पळतात.

मला सगळे कुंदाबाय म्हणतात. अकरावीत शाळा सुटली, पण लिहायची सवय सुटली नाही. हे लिहितेय ते ज्यांच्या अंगावर माझ्यासारखं काही उठलंय, आणि जे घरात बसून कुणी सांगेल ते तेल चोपडतायत, त्यांच्यासाठी. मी तेलाच्या विरोधात नाही. तेलावर माझं घर चाललं. म्हणून तर माझी चूक दुसऱ्या कुणापेक्षा मोठी झाली.

* * *

पहिल्यांदा उजव्या तळव्यावर, अंगठ्याखाली, रुपयाएवढा कोरडा डाग आला. वाटलं साबणानं झालं असेल. मग तो सोलायला लागला, मग चिरला. बाळाच्या पाठीवरून हात फिरवताना चिरेत तेल शिरायचं आणि डोळ्यांत पाणी यायचं. मी बाळंतिणीला म्हणायचे, चुलीचा धूर गेला गं डोळ्यांत. चूल तर केव्हाच गेली होती, सगळ्यांकडे गॅस आहे. पण नवी बाळंतीण अर्धी झोपेतच असते, तिला काय कळतंय.

पुढे कोपरांवर आलं, नडग्यांवर आलं. लाल चट्टे आणि त्यावर पांढरे पापुद्रे. साडी झटकली की खाली कोंडा पडायचा.

गाव तोंडावर काही बोललं नाही. एका घरी मला सांगितलं, "मावशी, बाळाला जरा सर्दी हाय, उद्यापासून नका येऊ. बरा झाला की बोलवतो." ती सर्दी काही बरी झाली नाही. चार-पाच दिवसांनी त्याच घरात पलीकडच्या आळीतली बाई पिशवी घेऊन शिरताना मी पाहिली. मला तिचा राग नाही आला. मला माझ्या हातांची लाज वाटली, आणि ती लाज राग येण्यापेक्षा वाईट. राग निदान बोलून टाकता येतो.

* * *

अलिबागला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे माझी मुलगी दीपाली मला घेऊन गेली. ती उरणला दिलेली, तेव्हा चौथा महिना चालू होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे माझ्याकडे. ती लहान होती तेव्हापासून म्हणायची, "आई, सगळ्यांच्या बाळांना घालतेस, माझ्या बाळाला तर सोन्यासारखी आंघोळ घालशील."

डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेतला. मोजा न घालता. तळवा उलटा-सुलटा केला, नखं बघितली, नडगी बघितली. म्हणाल्या, "सोरायसिस आहे. कुणाकडून लागलेला नाही आणि तुमच्याकडून कुणाला लागणार नाही. मुळापासून जात नाही, पण औषधानं आटोक्यात राहतो. पुष्कळांचा राहतो."

एवढ्या बोलण्यातलं मला फक्त 'जात नाही' ऐकू आलं. बाकीचं दीपालीनं नंतर रिक्षात पुन्हा सांगितलं.

मी त्यांना एकच विचारलं. "हिचं बाळ येईपर्यंत हात बरे होतील ना?"

त्या म्हणाल्या, "हात चांगले होतील. पण मालिशचं काम आता सोडायला हवं. ज्या जागी रोज घासणं होतं, तिथंच हे पुन्हा उठतं. तुमच्या तळव्यांपासून म्हणून तर सुरू झालं."

"आणि हिचं बाळ?"

"ते पुढे बघू," असं त्या म्हणाल्या. डॉक्टर 'बघू' म्हणाले की आपण काय समजायचं ते समजतो.

निघता निघता मी विचारलं, तेल लावलं तर चालेल का. म्हणाल्या, "खोबरेल खुशाल लावा. आंघोळ झाल्यावर ओलसर अंगावर. कोरडेपणा जाईल, खाज कमी होईल. पण औषधाच्या जागी नाही, औषधाच्या जोडीला." यातलं अर्धंच मी घरी घेऊन आले.

* * *

मलमानं पंधरवड्यात तळवे मऊ झाले. मी देवाला नारळ फोडला. मग एक-दोन दिवस मलम लावायचं राहिलं आणि चट्टे जागच्या जागी हजर. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा तेच. ज्यांना हा आजार आहे त्यांना हे सांगायला नको. आशा लावतो आणि तोंडघशी पाडतो.

घरात ह्यांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, कधी वाकडा शब्द काढला नाही. माणूस मुळातच कमी बोलणारा. सकाळी मी उठायच्या आत ते माझ्या अंगावरची चादर हळूच उचलून मागच्या दारी झटकून आणायचे, खाली पडलेला कोंडा केरसुणीनं भरायचे आणि पुन्हा येऊन पडायचे. मला वाटायचं मीच काय ती लवकर उठते. एकदा ताप होता म्हणून पडून राहिले, तेव्हा पाहिलं. त्यांनी मला पाहिलं नाही, आणि मीही डोळे मिटून घेतले.

विहीणबाई मात्र स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांच्या घरी ट्रकचा धंदा, दहा ड्रायव्हरांना सांभाळतात, त्यामुळे आवाजच तसा. दीपाली माझ्याकडे आली होती तेव्हा त्यांचा फोन आला. फोन स्पीकरवर होता हे त्यांना ठाऊक नव्हतं. "आईला तुझ्या तरास नको. बालाला न्हाऊ घालाला दुसरी बाय बघा. आजचे दिवसांत कोन रिस्क घेतो?"

दीपाली भडकली. मी तिच्या हातातून फोन घेतला आणि म्हटलं, "बरोबर बोलता तुम्ही, विहीणबाई." मग आत गेले आणि भाकऱ्यांचं पीठ मळायला घेतलं. पिठात चिरांमधलं रक्त लागलं. ते पीठ मी टाकून दिलं.

त्या दिवशी मनाशी ठरवलं, दुसरी बाई येणार नाही. बाळ येईपर्यंत हात असे करीन की विहीणबाईंना डाग शोधून सापडणार नाही. माझं सगळं पुढचं त्या हट्टातून झालं.

* * *

माझं माहेर थळमधेच, कोळीवाड्यात. भाऊ हिराजी होडीवर जातो. श्रावण होता, नारळी पौर्णिमा जवळ आलेली, आणि किनाऱ्यावर ओढलेल्या होड्यांना तेल देणं चाललं होतं. होडीच्या लाकडाला तेल दिलं नाही तर पाण्यातला किडा लाकूड पोखरतो. आमच्या बापाच्या काळी होडीला उंडीचंच तेल लागायचं. किनाऱ्यावर उंडीची झाडं, त्यांच्या बिया सुकवून घाण्यावर तेल काढायचे. हिरवट, दाट, वासाला उग्र. तेच होडीला, तेच दिव्याला, तेच बापाच्या पायाच्या भेगांना आणि आजीच्या गुडघ्यांना. होडीचं अंग आणि माणसाचं अंग आमच्याकडे वेगळं मानलंच नाही कधी.

हिराजीनं माझे हात पाहिले आणि हातातला कुंचला खाली ठेवला. "बाय, इतक्या मलमा लावून काय जाला? आपले बापाचे भेगा कशान भरल्या व्हत्या? ह्याच तेलान. ने थोरा."

त्यानं डब्यातून बाटली भरून दिली. तेल नेहमीपेक्षा काळं होतं. मी वास घेतला. आयुष्य तेलात गेलेली मी, खोबरेल जुनं की ताजं हे झाकण उघडताच सांगते. वास मला निराळा लागला. पण मनानं उत्तर तयार ठेवलं होतं: उग्र आहे म्हणजे गुणाचं आहे.

मलम बंद केलं. दोन्ही एकदम कशाला, गुण कशाचा ते कळणार कसं, असा शहाणपणा केला. तळवे, कोपरं, नडग्या, सगळीकडे तेल चोळलं. चोळायला तर मला येतंच. भयंकर झोंबलं. मला वाटलं, रोग निघतोय.

दुसऱ्या दिवशी नडग्यांवर फोड आले. तरी लावलं. पुढच्या दोन-तीन दिवसांत कातडी काळी पडून उलायला लागली, आणि मग जे लाल चट्टे नुसते कोपरांवर आणि पायांवर होते, ते पोटावर, पाठीवर, मानेवर पसरत एकमेकांना मिळाले. डोक्यापासून पायापर्यंत मी लालभडक झाले. श्रावणातल्या उकाड्यात दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. पायांना सूज आली. ह्यांनी शेजारच्याची गाडी मागितली आणि मला अलिबागच्या दवाखान्यात नेलं. गाडीत सीटला अंग टेकवत नव्हतं, म्हणून सगळी वाट मी पुढच्या सीटला धरून अर्धी उभी होते.

* * *

दवाखान्यात पहिला प्रश्न आला, अंगाला काय लावलं होतं. बाटली दाखवली. डॉक्टरबाईंनी वास घेतला आणि हिराजीला बोलावून घ्यायला सांगितलं. तो डबाच घेऊन आला. त्यांनी विचारलं तेव्हा त्यानं सरळ सांगितलं. उंडीचं तेल आता मिळतं कुठं, मिळालं तर परवडतं कुठं. हल्ली त्यात काजूच्या टरफलांचं तेल घालतात, किड्यावर ते बरं. आता डब्यात बहुतेक तेच असतं. पण किनाऱ्यावर त्याला अजून सगळे होडीचं तेल, उंडीचं तेलच म्हणतात.

काजूच्या टरफलातल्या चिकानं ओठ भाजतो हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मला ठाऊक होतं, हिराजीला ठाऊक होतं. डब्याचं नाव जुनं राहिलं आणि आम्ही दोघांनी नावावर विश्वास ठेवला.

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, भाजल्यामुळे आणि मलम एकदम सोडल्यामुळे आजार सगळ्या अंगावर उसळला. आता आधी अंगातलं पाणी आणि ऊब सांभाळायची. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की मी मरू शकते. तोपर्यंत मला कातडीनं माणूस मरतं हे माहीत नव्हतं. भीती वाटली ती मरणाची कमी. नातवंडाचं तोंड बघायच्या आधी जाईन, ही भीती जास्त.

* * *

त्या वॉर्डातले दिवस सगळे सारखे. सकाळी सलाइन, मग रक्त काढायला येणारे, मग डॉक्टरांची फेरी, मग अंगाला तेल. हो, तेल तिथंही होतंच. साधं खोबरेल. एक सिस्टर वाटीत घेऊन यायच्या आणि बोटांच्या टोकांनी सगळ्या अंगाला लावायच्या. घासायचं नाही, नुसतं पसरायचं. त्यांचा हात मला पहिल्या दिवशी अगदी अडाणी वाटला. तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी त्यांची वाट बघायला लागले. कुणीतरी मला तेल लावतंय, असं माझ्या आईनंतर कधी झालं नव्हतं. मी रडायला लागले की त्या म्हणायच्या, "झोंबतंय का?" मी म्हणायचे, हो.

अंगाला चादर चिकटायची आणि उठताना कातडी घेऊन यायची. सिस्टरनीच ह्यांना सांगितलं, केळीची पानं आणा. मग हे रोज वाडीतून कोवळी पानं कापून, पुसून, वळकटी करून मोटारसायकलवर आणायचे आणि माझ्या खाली अंथरायचे. थंडगार, गुळगुळीत. बाजूच्या खाटेवरची म्हातारी म्हणाली, "तुजा बरा हाय. नैवेद्यासारखी वाढून ठेवलीय." त्या वॉर्डात मी तेव्हा पहिल्यांदा हसले, आणि हसल्यावर ओठ फाटला.

हिराजी रोज यायचा, पण दारापर्यंतच. चप्पल काढून दारात उभा राहायचा, ह्यांच्याशी दोन शब्द बोलायचा आणि जायचा. होडी पाण्यात गेली का, असं मी एकदा आतून विचारलं. तो चप्पल घालून निघून गेला. नंतर कळलं, त्या वर्षी त्यानं होडी उशिरा काढली. हे त्यानं स्वतःला लावून घेतलं होतं. आजही तो विषय निघाला की उठून जातो. मी कितीदा सांगितलं, वास मी घेतला होता, तू नाही.

दीपालीला मी येऊ दिलं नाही. तिला आठवा लागला होता. फोनवर मी आवाज ताठ ठेवायचे.

* * *

घरी आल्यावर सावकाश सुधारलं. आता गोळ्या आहेत, ठरल्या वेळी रक्त तपासायचं आहे, रात्री मलम आहे. आणि तेल आहे. तेल सोडलेलं नाही. आंघोळीनंतर अंग टिपून, ओलं असतानाच खोबरेल. टाचांना कोकमाचं तेल, ते थिजलेलं असतं, हातावर जरा ऊब दिली की विरघळतं. खाज निम्म्यानं कमी होते, रात्रीची झोप लागते, कातडी ताणत नाही. हे थोडं नाही. ज्याला खाजेनं पहाट बघायला लागलीय त्याला विचारा. पण चट्टा जो जातो तो औषधानं. तेल त्याला सोबत करतं. मी ही दोन कामं एक समजले.

कुणी नवं तेल दिलं तर आधी विचारा, कशाचं, कुणी काढलं, यात आणखी काय आहे. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. चिरलेल्या, उललेल्या कातडीवर काहीही लावू नका. आणि डॉक्टरांना सांगा. ते ओरडतील असं वाटतं, बहुतेक ओरडत नाहीत. खरं उंडीचं तेल मी नंतर कष्टानं मिळवून, डॉक्टरबाईंना विचारून कोपरावर एवढंसं लावून पाहिलं. काही झालं नाही. वास मात्र सोसला नाही. ती बाटली मी देवळात दिव्यासाठी देऊन टाकली.

* * *

दीपालीला मुलगी झाली. सिझर झालं, त्यामुळे तिला वाकायचं नव्हतं. बाळ-बाळंतीण घरी आली तेव्हा माझे तळवे जवळजवळ स्वच्छ होते, नवी गुलाबी कातडी. तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरबाईंपुढे मी ते हात ठेवले आणि म्हटलं, "एकच बाळ. दुसऱ्या कुणाचं नाही करणार."

त्या म्हणाल्या, "कुशीत घ्या, पापे घ्या, हात धुऊन हवं ते करा. बाळाला तुमच्यापासून काही होणार नाही. पण रोजचं चोळणं नको. ही कातडी आत्ता आलीय."

घरी येईपर्यंत मी मनात ती मनाई मोडत होते. नाही ऐकलं तर? चाळीस दिवस तर करायचंय, मग फाटेनात का हात. मागचं सगळं सोसूनही मन असं बोलतं, हे मी लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उरणहून विहीणबाई आल्या, राहायच्या तयारीनं. बाळाची आंघोळ व्हायची होती. पाणी तापलं होतं, वाटीत खोबरेल कोमट केलं होतं. त्यांनी न्हाणीत डोकावलं आणि विचारलं, "बाय ठरवली कुठली?"

मी म्हटलं, "नाही ठरवली. आणि मलाही चोळायची मनाई आहे." त्यांच्यासमोर रडायचं नव्हतं, पण रडले. "विहीणबाई, हिला सोन्यासारखी आंघोळ घालायची होती मला."

त्यांनी पदर खोचला. "मना येत न्हाय हा. माजे पोरांना बाय व्हती." मग पाट माझ्याकडे सरकवला. "तुमी बसा. पाय पसरा."

मी पाटावर बसले, साडी गुडघ्यापर्यंत घेतली. नडग्यांवर भाजल्याचे काळे डाग होते, ते अजून आहेत. त्यांनी ते उजेडात नीट बघितले. बोट लावून बघितलं. "दुखतं?" "नाही," मी म्हटलं. मग त्यांनी दीपालीच्या हातातून नात घेतली आणि माझ्या नडग्यांवर निजवली.

हात त्यांचे, बोलणं माझं. छाती आधी, बाहेरच्या बाजूला. हात सोडवा, ओढू नका. पोटावर गोल, हलका. त्यांचा हात ट्रकवाल्यांचा हिशेब घेणारा, जड. पोरगी किंचाळत होती. मी सांगत होते आणि माझे हात मांडीवर आपोआप फिरत होते, त्यांच्या हातांबरोबर. मला ते थांबवता येईनात.

विहीणबाईंनी ते पाहिलं. त्यांनी वाटी उचलली, माझा उजवा हात धरून तळवा उताणा केला आणि त्यात तेल ओतलं.

"टालू तुमी भरा," त्या म्हणाल्या. "तिथं चोलाला लागत न्हाय. नुसता हात ठेवाचा."

मी हात ठेवला. तळव्याखाली टाळू उडत होती. नात रडायची थांबली.